येऊन राह्यली

कारंजा तालुक्यातल्या धनजला निघालेल्या पुणेकर पाहुण्याची पहिली गाठ पडते ती ‘राहणे’ या क्रियापदाशी. कारंजाच्या स्टँडवर तो विचारतो, ‘धनजची गाडी?’ उत्तर येतं, ‘येऊन राह्यली.’ पुण्याच्या हिशेबाने गाडी आली आणि मुक्कामालाच राहिली. पाहुणा पिशव्या सावरत सगळा स्टँड पालथा घालतो. गाडीचा पत्ता नसतो. वऱ्हाडीत त्याचा अर्थ एवढाच की गाडी येत आहे. कुठून आणि किती वाजता, याची जबाबदारी क्रियापद घेत नाही. गाडी अजून डेपोत चाक बदलून घेत असली तरी वाक्य शुद्धच असतं.

रचना सोपी आहे. धातूला ‘ऊन’ लावायचा आणि पुढे ‘राहणे’चं भूतकाळी रूप कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे ठेवायचं : पोट्टा येऊन राह्यला, बस येऊन राह्यली, लगन होऊन राह्यलं, पाहुणे जेवून राह्यले. पोशाख भूतकाळाचा, नोकरी चालू वर्तमानकाळाची. नकार मध्ये बसतो : ‘येऊन नाही राह्यला.’ खरोखरचा भूतकाळ हवा असेल तर मागे ‘होता’ जोडावा लागतो. मान द्यायचा तर अनेकवचन : ‘काय करून राह्यले भाऊ?’ याच प्रश्नाच्या शेवटी ‘बे’ लावण्याची मुभा फक्त लंगोटीयारांना असते. नवख्याने तो मोह आवरावा.

हिंदीच्या ‘आ रहा है’शी या रचनेचं साम्य उघड आहे, आणि त्यात नवल नाही. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत हा मुलूख हिंदी जिल्ह्यांच्या शेजेला एकाच राज्यात नांदला. मात्र वऱ्हाडी माणसाने आपला ‘ऊन’ सोडला नाही.

धनजला पोहोचल्यावर या रूपाची खरी ताकद कळते. टपरीवर ‘चहा होऊन राह्यला’ असं ऐकू येतं तेव्हा स्टोव्हला पिन मारणं चालू असतं. ‘लाइन येऊन राह्यली’ हे विजेबद्दलचं विधान माहितीपेक्षा श्रद्धेत जास्त मोडतं. ‘कुठी राहून राह्यला?’ या प्रश्नात तर एकच धातू दोनदा येतो, पहिल्यांदा घरासाठी आणि दुसऱ्यांदा काळासाठी, आणि पाहुणा ‘हॉटेलात’ एवढंच म्हणून गप्प बसतो.

‘ऊन’ नसला की मात्र ‘राहणे’ आपल्या मूळ अर्थांवर येतं. ‘दोन पोते राह्यले’ म्हणजे उरले. ‘सातबारा काढाचा राह्यला’ म्हणजे काम झालं नाही. ‘राहू दे’ म्हणजे नको, आणि आवाज चढवून म्हटलं तर पुरे झालं तुझं. ‘गाय गाभन राह्यली’ यात काहीही चालू नाही. जे व्हायचं ते होऊन गेलेलं आहे.

इतक्या अर्थांचं ओझं वाहणारं क्रियापद फक्त वऱ्हाडातच आहे, असं नाही. स्पॅनिश शिकणाऱ्यांना असंच एक क्रियापद छळतं. त्याचा उच्चार ‘केदार’, त्यामुळे मराठी वर्गात त्या नावाचा एखादा विद्यार्थी उगाच दचकतो. ‘केदान दोस’ म्हणजे दोन उरले. ‘मे केदो एन कासा’ म्हणजे मी घरीच राहतो. स्टेशन कुठे आहे हे विचारायलाही केदारच लागतो, पाचला भेटायचं ठरवायलाही तोच, आणि सदरा अंगाला शोभतो असं सांगायलाही तोच. एखादीला दिवस राहिले, तरी तिथे केदार हजर! धनजच्या गोठ्यातलं वाक्य माद्रिदला समजावायला फार कष्ट पडू नयेत. चालू वर्तमानकाळ मात्र तिथे ‘एस्तार’ या दुसऱ्या क्रियापदाकडे असतो. त्याचं लॅटिन मूळ ‘उभं असणं’ असं आहे. स्पॅनिश माणूस जेवायचं काम व्याकरणापुरतं उभ्याने करतो, वऱ्हाडी माणूस राहून.

लेखी व्यवहारात हे रूप चालत नाही. रोज ‘मी धनजले राहून राह्यलो’ म्हणणारा माणूस तहसीलच्या अर्जात निमूटपणे ‘राहत आहे’ लिहितो.

परत निघताना पाहुण्याने ‘निघून राह्यलो’ म्हणण्याआधी विचार करावा. ही क्रिया चालू असते, संपलेली नसते, आणि यजमान ते बरोबर ओळखून आत आणखी एका चहाची वर्दी देतात. निघणं पुरतं झालंय असं सांगायचं असेल तर ‘निघालो’ वापरावं, तेही गाडीत जागा मिळाल्यावर.