संगमरवर कुठवर लावायचा?

पाडवा चार दिवसांवर आला की आमच्या घरात दोन गोष्टींना ऊन दाखवतात : धान्याच्या रिकाम्या कोठ्यांना आणि हिशेबाच्या वहीला. मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. जुना हिशेब मिटवायचा, नवी बोली करायची. आमच्या घरात सालगडी एकच, तो म्हणजे मी. निवृत्त झाल्यापासून माझी बोली वाढलेली नाही. पेन्शन आणि ठेवींचं व्याज धरून वर्षाला तीन लाख. त्यात दोन माणसं, एक म्हातारी स्कूटर, एक कूलर आणि मे महिन्यात येणारी दोन नातवंडं चालवायची.

वहीत मी लिहितो, सौ. सांगते. खाती ठरलेली आहेत. किराणा, दूध, लाइटबिल, गॅस, औषधं, सणवार, आहेर, पाणी आणि किरकोळ. यातलं ‘किरकोळ’ हे नाव ज्याने पाडलं त्याने घर चालवलेलं नसणार. दरवर्षी सगळ्यात गलेलठ्ठ खातं तेच निघतं. ‘आहेर’ हे दुसरं दुखणं. लग्नसराई आली की पत्रिका अशा येतात जणू वसुलीच्या नोटिसा. त्यासाठी हिने वेगळी छोटी वही केली आहे. आपल्या मुलीच्या लग्नात कोणी किती घातले, याची त्यात नोंद. “अहो, त्यांनी आपल्याला 251 घातले होते, पण तेव्हा सोनं किती होतं?” असा प्रश्न ती विचारते तेव्हा मला रिझर्व्ह बँकेत बसल्यासारखं वाटतं. शेवटी 501 ठरतात आणि वरचा रुपया पाकिटाला आधीच चिकटवलेला असतो म्हणून बिनखर्चाचा धरला जातो. प्रत्यक्षात ते पाकीटही विकतच आणलेलं असतं आणि त्याचे पैसे ‘किरकोळ’मध्ये गेलेले असतात.

यंदा वही बंद करायला बसलो आणि गाडी अडली. वहीप्रमाणे डब्यात 1,412 रुपये हवे होते. डबा म्हणजे तुरीच्या डाळीच्या मागचा, ज्यावर ‘जायफळ’ लिहिलं आहे तो. मोजले तर 1,344 निघाले. फरक 68 रुपयांचा.

“राहू द्या, टाका किरकोळमध्ये,” ही म्हणाली. दुसऱ्या कुठल्या गावात मी टाकलेही असते. पण मी ज्या शहरात राहतो त्याच्यापासून पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे, आणि त्या किल्ल्याने आम्हा हिशेब लिहिणाऱ्यांची फार पंचाईत करून ठेवली आहे. सोळाव्या शतकात तिथे जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ त्यांच्याकडे शिकायला राहिले होते. गुरूंनी त्यांना हिशेब लिहायला बसवलं. कथा सगळ्यांना ठाऊक आहे : एका पैची चूक लागत नव्हती. नाथ दिवा लावून रात्रभर बसले, आणि ती पै सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. गुरू म्हणाले, एका पैच्या शोधात एवढी तल्लीनता, तर तीच त्या परमेश्वराकडे वळव. पुढे नाथांनी ती वळवली. आमच्यासारखे लोक कथेच्या पहिल्या भागातच अडकून पडले.

गंमत अशी, की याच किल्ल्यावर त्याआधी दोनशे वर्षं अगदी उलट्या वळणाचा एक गृहस्थ राजधानी मांडायला आला होता. महंमद तुघलक. 1327 मध्ये दिल्लीचं बिऱ्हाड त्याने देवगिरीला हलवलं, नाव दौलताबाद ठेवलं, आणि काही वर्षांत परतीचा रस्ता धरला. बिऱ्हाड हलवायला सामानाचा टेम्पो किती घेतो हे ज्याला माहीत आहे, त्याच्या अंगावर या खर्चाने काटा येईल. त्यातच तांब्याचं नाणं चांदीच्या भावाने चालवायचा हुकूम काढला. लोकांनी घरोघरी टांकसाळी काढल्या आणि शेवटी ती नाणी परत घेऊन सुलतानाला खरी चांदी मोजावी लागली. एकाच डोंगरावर एक जण पै शोधत बसला आणि एकाने खजिना उधळला. आमच्या शहरातल्या प्रत्येक घरात हे दोघंही राहतात. आमच्याकडे नाथ कोण आणि तुघलक कोण, हे महिन्याच्या तारखेवर अवलंबून असतं.

तुघलकाच्या त्या वरातीबरोबर विणकर आले आणि इथेच राहिले, असं सांगतात. त्यांच्या हातून हिमरू आली. किनखाब म्हणजे रेशमावर सोन्या-चांदीच्या जरीचं काम, ते नबाबाच्या अंगावर. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र, नक्षी तशीच, दिमाखही जवळपास तसाच, पण पैसे मोजताना हात थरथरत नाही. ‘च्यासारखं’ अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून तिचं नाव पडलं म्हणतात. म्हणजे ‘किनखाबासारखं’. आमच्या गावाचा स्वभाव मला या एका शब्दात सापडतो. ऐपत नसली म्हणून हौस टाकायची नाही. हौसेत थोडं सूत मिसळायचं.

याच स्वभावाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे बीबी का मकबरा. बाहेरगावचे पाहुणे तिथे नेले की दहापैकी नऊ जण म्हणतात, “ताजमहालासारखाच आहे, पण...” त्या ‘पण’ने मला पूर्वी ओशाळल्यासारखं व्हायचं. आता होत नाही, कारण मी त्याचा हिशेब वाचला आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली. मुलगा आझमशहा याने आईसाठी मकबरा बांधवला असं सांगतात, 1661 च्या सुमारास तो पुरा झाला. ताजमहालाला तीन कोटींहून अधिक लागले असं म्हणतात. इथे मंजुरी सात लाखांची. आणि जुन्या नोंदीत खर्चाचा आकडा येतो तो असा : 6,68,203 रुपये 7 आणे.

सात आणे! मला या सात आण्यांनी जिंकलं. एवढा घुमट, चार मिनार, कारंजी, चारबाग, आणि कोणीतरी कारकून शेवटी सात आणे लिहायला विसरला नाही. बांधणारे म्हणून अताउल्ला आणि हंसपतराय ही नावं दरवाजावर कोरलेली आहेत. हे सात आणे लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. तो आमच्या जातकुळीतला.

आता पैसे कसे पुरवले ते बघा. संगमरवर लांबून यायचा. ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच प्रवासी सुरतेहून गोवळकोंड्याला निघाला असताना त्याला वाटेत संगमरवराने लादलेल्या तीनशे गाड्या भेटल्या, आणि लहानातल्या लहान गाडीला बारा बैल. बैलांची वैरण धरली तर दगड सोन्याच्या भावाने पडणार. म्हणून त्या माणसांनी काय केलं? खाली माणसाचा हात लागतो, नजर भिडते, तिथे कमरेच्या उंचीपर्यंत संगमरवर लावला. वर घुमट संगमरवराचा केला, कारण तो लांबून दिसतो. मधल्या साऱ्या उंचीला आपला काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. हात लागतो तिथे खरं, डोळा जातो तिथे खरं, मध्ये चुना.

मला विचाराल तर काटकसर आणि चिक्कूपणा यातला फरक एवढाच आहे. चिक्कू माणूस सगळीकडे चुना लावतो, स्वतःला आणि दुसऱ्यालाही. उधळ्या माणसाला मिनाराच्या टोकापर्यंत संगमरवर लागतो आणि तो हप्त्यावर येतो. काटकसरी माणसाला फक्त एक गोष्ट ठाऊक असावी लागते, संगमरवर कुठवर.

आमच्या घरात चहा संगमरवराचा आहे. दूध म्हशीचं आणि न विरजलेल्या मनाचं. ज्वारी मालदांडीच, मोंढ्यातून पारखून आणलेली, दातांखाली दाणा फोडून बघितलेली. वर्षाची ज्वारी आणि गहू एकदा कोठीत पडले, वर कडुनिंबाचा पाला गेला, की पुढे बाजार कितीही चढो, भाकरी आमची. औषधात हात आखडायचा नाही. नातवंडं आली की आंबा मोजायचा नाही. बाकी मात्र चुना. जुन्या साड्यांच्या गोधड्या, गोधड्यांची पायपुसणी. भाजी जाधववाडीच्या बाजारातून संध्याकाळी उशिरा, ढीग मोडायच्या वेळी. तेव्हा विक्रेता स्वतःच म्हणतो, “घ्या की मामा, आता काय घरी नेऊ?” आणि मी दोन किलो वांगी घेऊन येतो. मग चार दिवस वांग्याचं भरीत, वांग्याचा रस्सा आणि सौ.चं मौन असा बेत असतो.

हा हिशेब माझा एकदा साफ चुकला. गच्चीवरच्या टाकीची तोटी खराब झाली होती. पितळी महाग होती, प्लॅस्टिकची चाळीस रुपयांत मिळाली. मी चाळीसची आणली आणि ‘वाचवले’ म्हणून घरात दोनदा सांगितलं. आमच्याकडे नळाला पाणी कधी पाच दिवसांनी येतं, कधी आठ. पन्नास किलोमीटरवर नाथसागर जलाशय भरलेला असतो आणि आम्ही फोनवर एकमेकांना विचारतो, “आलं का तुमच्याकडे?” तर त्या आठवड्यात पाणी आलं, टाकी काठोकाठ भरली, आणि रात्री ती चाळीसची तोटी गळून पडली. सकाळी टाकीत उरला होता फक्त तळाचा गाळ आणि माझी प्रतिष्ठा. टँकर मागवावा लागला. त्या टँकरच्या पैशात पितळी तोट्यांचं दुकान लागलं असतं. हिने काही म्हटलं नाही. वहीत ‘पाणी’ खात्यावर रक्कम सांगताना फक्त एवढंच म्हणाली, “आणि खाली लिहा, वाचवले चाळीस.”

तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत मी आमच्या शहरातल्या जुन्या पाणचक्कीला गुरू केलं आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून त्यावर जातं फिरवायचं, तिथल्या दर्ग्यात आलेल्यांसाठी पीठ दळायचं, मग तेच पाणी हौदात सोडायचं, आणि हौदाच्या खाली दालन असं बांधायचं की वरच्या पाण्याने त्याचं छत गार राहावं. एक पाणी, तीन कामं. अठराव्या शतकातल्या माणसांना हे जमलं. आमच्याकडेही तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, कपड्यांचं पाणी अंगणाला आणि भाजी धुतलेलं पाणी पायरीवर मारायला जातं. फक्त कूलर या शिस्तीत बसत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की तो रोज बादल्या पितो. मग रात्री आमच्यात वाद होतो, घाम पुसायचा की पाणी पुसायचं. निकाल नेहमी गच्चीवर लागतो. अंथरूण उचलायचं आणि वर जाऊन झोपायचं. वाऱ्याचं बिल अजून येत नाही.

असो. 68 रुपये. रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा वही घेऊन बसलो. बेरजा खालून वर केल्या, वरून खाली केल्या. दूधवाल्याचे खाडे मोजले. इस्त्री, दाढी, पेट्रोल, गुरुपौर्णिमेची फुलं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मला आतून नाथ झाल्यासारखं वाटू लागलं होतं. टाळी वाजवायला हात तयार ठेवले होते.

हिने कूस बदलली. “सापडले?”

“नाही. पण सापडतील. मकबऱ्याचा हिशेब बघ, सात आण्यांपर्यंत लागलेला आहे.”

“मंजूर किती होते म्हणालात?”

“सात लाख.”

“आणि लागले 6,68,203 आणि सात आणे. मग वरचे 31,796 रुपये नऊ आणे कुठे गेले?”

ही वजाबाकी तिने अंथरुणात पडल्यापडल्या, डोळे मिटून केली होती. मी एवढी वर्षं तो आकडा लोकांना ऐकवतो आहे, पण उरलेल्या पैशांचा विचार माझ्या मनात आला नव्हता. “त्याचं कुठे लिहिलेलं नाही,” मी म्हणालो.

“मग झोपा,” ती म्हणाली.

पण झोप लागायच्या आत शेजारच्या काकूंच्या मोरीत बादली आपटली आणि गल्लीभर हाक गेली, “आलं हो, पाणी आलं!” रात्रीचे पाऊण वाजले होते. दिवे लागले. मोटारी सुरू झाल्या. पिंप, हंडे, कळशा, नातवंडांचा जुना टब, सगळं रांगेला लागलं. समोरच्या घरातला कॉलेजचा मुलगा खरोखरच टाळ्या वाजवत होता. वही पंख्याखाली उघडीच राहिली आणि तिची पानं आपली आपण मागे-पुढे होत राहिली.

सकाळी चहा घेऊन वही मिटायला गेलो, तर शेवटच्या पानावर हिच्या अक्षरात एक नवीन खातं घातलेलं. ‘संगमरवर : 68.’ खाली आडवी रेघ, बेरीज, आणि बेरीज बरोबर.

कधी, कुठे, कशावर, हे मी विचारलं नाही. चहात मात्र आलं जास्त पडलं होतं आणि वेलची चक्क दोन.