आणि डाव?

गव्हाशी उभा दावा मांडलेले आणि तरीही पिझ्झाच्या मुलखात सहलीस निघालेले सहप्रवासी आपल्याही वाट्यास आले असतीलच. आमच्या इटलीच्या सहलीत ते स्थान महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या भाऊसाहेबांनी भूषविले. सीलिॲक या विकारात गहू, जव आणि राय यांतील ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच लहान आतड्यावर उलटते, हे ज्ञान त्यांनी आम्हांस विमानतळावरच, न मागता, दिले.

रोममध्ये क्षुधेने व्याकूळ होऊन आम्ही मेजाभोवती बसलो, की भाऊसाहेब इटालियन भाषेतील एक चिठ्ठी वेटरच्या हाती रुजू करीत, आणि तो "सेन्त्सा ग्लूटिने, सी, सी" म्हणत वळतो न वळतो तोच त्याचा जबाब घेण्यास आरंभ करीत. पास्ता मक्याचा, ठीक. पण उकळला कोणत्या पाण्यात? पाणी निराळे, ठीक, "आणि डाव?" फ्लॉरेन्सला रिसोट्टो तांदळाचा, हे निर्विवाद, "आणि डाव?" आइस्क्रीमच्या दुकानात तर, कोनास लागलेला चमचा कपात कसा, या मुद्द्यावर मागे रांग खोळंबली असता, त्यांनी चमच्यासही डावाचेच कलम लावले. (घरच्या हिंगावरही त्यांचा विश्वास नाही, बाजारी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, आणि या बाबतीत ते दुर्दैवाने बरोबर आहेत.)

बोलोन्यास मात्र एका वेटरने चिठ्ठी पाहताच त्यांना मुदपाकखान्याच्या दारापर्यंत नेऊन निराळे पातेले, निराळी चाळणी आणि निराळा डाव दाखविला, तेव्हा भाऊसाहेब उलटतपासणीपूर्वीच दावा निकाली निघालेल्या वकिलासारखे हिरमुसले. इटलीत अशा रुग्णांस ग्लुटेनमुक्त अन्नासाठी सरकारातून दरमहा तनखा मिळतो, हे कळल्यावर तर ते बराच वेळ बोललेच नाहीत.

त्या मौनाचा उलगडा पुढे साताऱ्यास, त्यांच्या घरच्या सत्यनारायणाच्या पंगतीत झाला. "एवढ्याशा शिऱ्यानं काय होतंय, भाऊजी? देवाचा प्रसाद आहे!" असे थोरल्या वहिनी म्हणाल्या, पंगत हसली, आणि अर्ध्या इटलीस जाब विचारणारे भाऊसाहेब खाली मान घालून ज्वारीच्या भाकरीचा डबा उघडू लागले. तेवढ्यात वाढप्याने शिऱ्याने माखलेला डाव तसाच भातात घातला. भाऊसाहेबांनी तो पाहिला आणि तरीही अवाक्षर काढले नाही.

"अहो, डाव निराळा घ्या!" हे पंगतीत कोण ओरडले, ते सांगण्यास मला आजही संकोच वाटतो. वहिनींनी मला आपादमस्तक न्याहाळून भाऊसाहेबांस विचारले, "यांनाही तेच दुखणं का?"