ओल्या सरपणाची शर्त

न्यायशास्त्राच्या ग्रंथांतील तो सुप्रसिद्ध धूम्रयुक्त पर्वत कोणत्या परगण्यात मोडतो, याचा उलगडा आजवर कोणाही पंडिताने केलेला नाही. तथापि धुरावरून अग्नीचे अनुमान करण्याची ज्यास हौस असेल त्याने सुरतेतल्या पांडेसऱ्यात बिऱ्हाड करावे, कारण अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रहा'त स्वयंपाकघराचा दाखला देऊन 'जेथे धूर तेथे अग्नी' हा जो अविनाभाव (व्याप्ती) सिद्ध केला, त्याची बजावणी येथील रंगाई-छपाईच्या गिरण्यांची धुराडी अहोरात्र करीत असतात. आमच्या चाळीत धुळे-जळगावकडची बिऱ्हाडे पुष्कळ. त्यांपैकी आबा बॉयलरवर कामाला असल्याने हे शास्त्र त्यांना समजावून द्यावे असे माझ्या मनात आले. "धूर शे, म्हणजे मिल चालू शे," असे म्हणून आबांनी अनुमानखंड एका वाक्यात तहकूब केला.

मग मी मुद्दाम उलट बाजूने विचारले, की जेथे अग्नी तेथे धूर असलाच पाहिजे ना? आबांनी माझ्याकडे करुणेने पाहिले आणि कोळसा भिजलेला असेल तर धूर, कोरडा असून हवा नीट मिळाली तर कसला धूर, असा निवाडा दिला. नैयायिकांनी नेमकी हीच हरकत घेऊन ओल्या सरपणाच्या संयोगाला 'उपाधी', म्हणजे शर्त, म्हटले आहे, आणि बिनधुराच्या अग्नीचा पुरावा म्हणून तापलेला लोखंडाचा गोळा हजर केला आहे. तिकडे ॲरिस्टॉटलही सशर्त आवश्यकतेची कैफियत मांडताना करवतीने कापायचे असेल तर ती लोखंडाचीच हवी असे सांगतो. सबब दोन्ही दरबारांत साक्ष लोखंडाचीच, हा योगायोग मला फार आवडतो. पांडेसऱ्यात तीच साक्ष पॉलिएस्टर देते: ते पक्के रंगवायचे असेल तर 130 अंशांच्या आसपास उष्णता हवी, त्यासाठी वाफ हवी आणि वाफेसाठी आबा हवेत. कापड पांढरेच विकायचे ठरले, तर आबांची आवश्यकता तत्काळ संपुष्टात येते. परंतु ही गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

शास्त्रात उपाधी उघड सांगतात, व्यवहारात ती दडवून ठेवतात, एवढाच काय तो फरक. "पगार सात तारखेला होणारच," या शेठच्या बिनशर्त वचनामागे 'पार्टीचे पेमेंट आले तर' हे ओले सरपण धुमसत असते. सरकार त्या मानाने सरळ म्हणावयाचे: 2019 साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेतील कारखान्यांसाठी धुरातील कणांचा चक्क बाजार मांडला, देशातला त्या जातीचा पहिलाच, धुराड्याला मोजणीयंत्र लावावे आणि ज्याने कमी कण सोडले त्याने आपला उरलेला परवाना ज्यास्त सोडणाऱ्यास विकावा. अनुमानाचे साधन असलेला धूर उद्या भावाने विकला जाईल, ही शंका कोणाही पूर्वपक्ष्यास सुचलेली नव्हती.

या सर्वांहून आबांच्या कुटुंबाची, म्हणजे काकूंची, पद्धत निराळी. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांवरील काजळीचे कण बोटाने टिपून, वारा कोणीकडचा आणि कोळसा कसला, याचा निर्णय त्या आकाशाकडे न पाहता देतात. माझे व्याप्तीवरील विवेचन त्यांनी परवा शांतपणे ऐकून घेतले आणि तुम्ही धूर बघत बसताच आहात तर कावळेही हाकला, असे फर्मावले. मोबदल्यात बिबडे मिळणार काय, अशी पृच्छा मी केली. "मिळतील की," काकू म्हणाल्या, "उरले तर."