सनमायकावाले काका

लोखंडी कपाटामागे सनमायकाची जुनी शीट उभी करून ठेवलेला गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. आपण त्यांना काका म्हणू. कधीतरी ओट्याखालच्या कपाटांचं काम निघालं होतं, मिस्त्रीचा अंदाज चुकला आणि आठ बाय चारची ही शीट उरली. दुकानदार परत घेईना. तेव्हा काकांची मुलगी शाळेत होती. आता तिची मुलगी शाळेत जाते. रंग मेंदी, वर सोनेरी नक्षी. ‘असा माल आता मिळत नाही,’ असं काका सांगतात. खरंच आहे. कोणी मागतच नाही.

शीटची एव्हाना पन्हळ झालेली असते. दोष तिचा नाही. पाठ क्राफ्ट कागदाच्या थरांची, फिनॉलिक रेझिनमध्ये मुरलेली. वरची नक्षी मेलामाइनमधली. दोघींना हवा सारखी मानवत नाही. कोरड्या दिवसांत वरचा थर जास्त आवळतो आणि प्लायचा आधार नसलेली जेमतेम मिलिमीटरभर जाडीची शीट नक्षी पोटाशी घेऊन वळते. आडवी, सपाट, वजनाखाली ठेवली असती तर इतकी बिघडली नसती. पण वन रूम किचनमध्ये आडवं व्हायला माणसांनाच पाळी लावावी लागते.

उपाय केले नाहीत असं नाही. एकदा काकांनी ती गुपचूप गादीखाली सरकवली. काकू आठवडाभर ‘पाठीत काहीतरी रुततंय’ म्हणत राहिल्या. काकांनी त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे नेलं, पण शीटबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग गच्चीवर उन्हात टाकली. ओल निघाली की सरळ होईल, हा हिशेब. ओल निघाली. शीट आणखी वळली.

शेवटी मिस्त्री येतो. शीटभोवती एक प्रदक्षिणा घालून अदबीने म्हणतो, “शेठ, नया ले लो. ये टूटेगा.”

“टूटेगा कैसा? ओरिजिनल माल है! थोडासा वाकडा हुआ है, बस.”

हीट गनची ऊब दिली की नवी शीट लवते. जुनी ठिसूळ झालेली असते. ‘कट्’ असा आवाज होतो आणि मिस्त्री उगाच टेप मोजायला लागतो. काका मात्र डगमगत नाहीत. जे कपाटाचं दार होणार होतं ते चपलांच्या रॅकचं दार होतं. आता त्या मापाचं प्लाय आणा, बिजागऱ्या आणा, वर मजुरी. नालेसाठी घोडा! एवढ्या पैशांत नव्या शीट किती आल्या असत्या, हा हिशेब काकू करतात, आणि मोठ्याने करतात.

उरलेला तुकडा चिकटवायला पांढरा फेविकॉल उपयोगाचा नाही. तो वाळेपर्यंत एकेक कोपरा मान वर काढतो. रबरवाला गम दोन्ही अंगांना फासायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि एकदाच टेकवायचं. मग सरकवायची सोय नाही. शीट टेकल्यावर काका म्हणतात, “थोडा लेफ्ट में.”

मिस्त्री घाम पुसतो. “शेठ, पीछे भी लगाना पडेगा. एकही साइड लगाया तो पल्ला टेढा हो जाएगा.”

काकांचा चेहरा उजळतो. “पीछे भी लगता है?” स्टूल ओढत ते माळ्याखाली जातात. “अगं, ताईच्या लग्नात कपाट केलं होतं, त्यातली गुलाबी फुलांची आहे ना आपल्याकडे?”