बायर रेडी है

बँकेत एकतीस वर्षं मी लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले. सातबारावरची खाडाखोड, जामीनदाराची डळमळीत सही, दोन तारखांमधला घोळ, माझ्या नजरेतून काही सुटलं नाही. आणि २००९ सालच्या एका रविवारी, ठाण्यातल्या एका हॉटेलात, थंडगार कटलेट खाता खाता माझ्याच हातून अठ्ठावीस पानी करारावर सही झाली. त्या अठ्ठावीस पानांतलं मी नीट पाहिलं ते एकच, मुखपृष्ठावरचं नारळाचं झाड.

सुरुवात मॉलमधल्या मोटारीपासून झाली. लाल मोटार, शेजारी काचेची पेटी, पेटीत नाव-नंबराची चिठ्ठी टाकायची. मोटार कुणाला लागली ते आजतागायत कळलेलं नाही. मला लागला तो फोन. "अभिनंदन सर! तुम्हाला तीन दिवस, दोन रात्रींची भेट लागलीय. फक्त मिसेसना घेऊन या. मिसेस नक्की येणार ना सर?" लग्न झाल्यापासून माझ्या बायकोच्या येण्या-न येण्याची इतकी चिंता कुणी केली नव्हती. कारण पुढे उमगलं. एकटा नवरा 'घरी विचारून सांगतो' म्हणून निसटतो. घरच शेजारच्या खुर्चीत आणून बसवलं की माणूस विचारायला कुठे जाणार?

हॉलमध्ये गाणी अशी दणकून लावलेली की स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येऊ नये. दर पंधरा मिनिटांनी एखादं टेबल सही करायचं, घंटा वाजायची, सगळे टाळ्या पिटायचे. आमच्या टेबलावरच्या टायवाल्या पोराने आमचा वर्षाचा फिरण्याचा खर्च विचारला, त्याला महागाई लावली, पंचवीस वर्षांनी गुणलं. आकडा असा निघाला की त्याच्यापुढे तीन लाख वीस हजार म्हणजे बचतच! चक्रवाढ व्याज मी बँकेत नव्या पोरांना शिकवलंय. तरी मान डोलावत होतो. तीन दिवस, दोन रात्रींच्या भेटीला कर आपला, प्रवास आपला आणि वार त्यांचे, म्हणून ती तशीच राहिली.

टाइमशेअर म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. फ्रान्समधल्या आल्प्सच्या डोंगरात १९६०च्या दशकात कुणीतरी ही युक्ती काढली म्हणे, एकच घर आठवड्या-आठवड्यांनी अनेकांना विकायची. आमच्या गावच्या सामायिक घरात हे चार पिढ्या चाललंय. गणपतीत सगळे हक्कदार हजर. कौलं बदलायच्या वर्षी कुणाचा फोन लागत नाही. फरक इतकाच की गावच्या घरात न जाण्याचे पैसे पडत नाहीत. इथे जा किंवा जाऊ नका, देखभालीचं बिल दरवर्षी येतं, दरवर्षी फुगतं, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

आमचा 'हंगाम' कोणता, हे मे महिन्यात महाबळेश्वर मागितल्यावर कळलं. मे भरलेला. दिवाळी भरलेली. जुलै? जुलै हवा तेवढा घ्या! महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला बराचसा आम्ही खिडकीतून पडताना पाहिला. गादी ओली, टॉवेल ओले, काडेपेटी ओली. आपण आर्थर्स सीट पाहिला असं बायकोचं म्हणणं आहे. मला तिथे ढग दिसला.

अशा सहा-सात जुलैंनंतर विकायचं ठरलं. घेताना गाफील राहिलो, आता विकताना विश्वासू कंपनी शोधू, असं मी जाहीर केलं. "शोधा," बायको म्हणाली. या एका शब्दात एकतीस वर्षांच्या नोकरीचं मूल्यमापन होतं.

शोधावं लागलंच नाही. एक जाहिरात टाकली आणि कंपन्याच मला शोधत आल्या. "सर, आपका बायर रेडी है." पाच लाख चाळीस हजारांना! माझा सदस्य क्रमांक फोनवाल्याला पाठ, बायकोचं नाव पाठ, थकलेलं बिलसुद्धा पाठ. तीन लाख वीस हजारांची, दहा वर्षं वापरलेली, भर पावसाळ्यातली वस्तू कुणी पाच लाख चाळीसला का घेईल, हा प्रश्न मी कुठल्याही कर्जदाराला विचारला असता. त्या दिवशी मी ओट्याला नवा ग्रॅनाइट बसवायचा की नाही, याचा विचार केला आणि चौदा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये 'फाइल चार्ज' भरून मोकळा झालो. मग ना-हरकत दाखल्याचे पैसे झाले. मग 'परत मिळणारा' कर आला, सोबत रिझर्व्ह बँकेचा गोल शिक्का मारलेलं पत्र. शिक्क्यात 'रिझर्व्ह'च्या स्पेलिंगमधलं एक अक्षर कमी होतं. तेव्हा कुठे माझ्यातला बँकवाला जागा झाला.

महिन्याभराने दुसरा फोन, वकिली आवाजात. "पहली कंपनी ने आपको फँसाया ना? आपका पैसा हम निकाल के देंगे." फी थोडी आगाऊ. फोनमागे पिठाच्या गिरणीचा घरघराट चालू होता. पहिल्या कंपनीच्या फोनमागेही हीच गिरणी होती.

न्यू जर्सीच्या मामेबहिणीला हे सांगितलं तर ती हसेल असं वाटलं होतं. तिचा टाइमशेअर मेक्सिकोत आहे. ती म्हणाली, तुझं बरं आहे, आमच्याकडे हा धंदा हालिस्को कार्टेल करतं. मला थट्टा वाटली. पण २०२३ साली अमेरिकेच्या अर्थखात्याने प्वेर्तो व्हायार्ता भागातल्या याच फसवणुकीपायी त्या टोळीशी जोडलेल्या कंपन्यांवर निर्बंध घातलेत. पद्धत तीच, वयस्क माणसांना फोन करायचा, गिऱ्हाईक तयार आहे म्हणायचं, आधी कर भरा म्हणायचं. कोकेन विकणाऱ्यांनासुद्धा हा जोडधंदा परवडावा! त्या मानाने आमचा गिरणीवाला सात्त्विक.

युरोपात २०११ सालापासून नियम आहे की टाइमशेअर विकून देणाऱ्याने विक्री होण्याआधी दमडी घ्यायची नाही. आपल्याकडे मीच तो लागू केला. जो फोन करेल त्याला म्हणायचो, "विक्री झाली की दुप्पट घ्या, आधी काही नाही." अकरा जणांनी फोन ठेवला. बारावे दादरचे एक म्हातारे दलाल निघाले. त्यांनी करार मागवला, खरोखर वाचला आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या नावावर करता येईल, पण आधी थकबाकी, मग कंपनीची हस्तांतराची फी. नऊ वर्षं उरलीत, तीही पावसाळी. चाळीस हजार आले तर नारळ फोडा."

"मग तुमची फी?"

"नाही. मी ही कामं घेतच नाही."

इतकी वणवण करून मला विश्वासू माणूस मिळाला, आणि त्याने काम नाकारलं.

मुलाला फुकट देऊ केलं. त्याने बंगळुरूहून विचारलं, "बाबा, नॉमिनी म्हणून माझं नाव तर नाही ना टाकलंत?" आवाजात खरी भीती होती. मी विषय बदलला.

परवा दुपारी पुन्हा फोन आला. मी झोपलो होतो, बायकोने उचलला.

"बायर रेडी है ना? फिर उसको ही फोन दो. हमारा कोकण में घर है, उसमें आठवा हिस्सा है. वो भी उसको ही देने का है. हाँ, हाँ, कौल थोडा गळता है..."

मी डोळे किलकिले करून पाहिलं. तिने फोन कानापासून लांब धरला होता. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. फक्त गिरणी चालू होती.