गोचिडीची खानावळ

जत तालुक्यातल्या मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याला माडग्याळी मेंढ्याच्या नाकाचा बाक विचारा, तासभर बोलेल. गोचिडीचं विचारा, की "आमच्याकडं न्हाय बा!" असं म्हणता म्हणता त्याचा हात मेंढीच्या कानामागं जातो, काहीतरी उपटतो आणि चपलेखाली घालतो.

उपटून हा विषय संपत नाही. गोचीड बसते कानात, काखेत, जांघेत, शेपटीखाली. म्हणजे जिथं मेंढीचं तोंड पोचत नाही तिथं. काटेरी सोंड रुतलेली असते. हिसडा दिला की सोंड बऱ्याचदा आतच राहते आणि ती जागा पिकते.

गावात सल्ल्यांना तोटा नाही. एकजण ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासायला सांगतो, दुसरा रॉकेल. कातडी सोलवटते, लोकर लडबडते. तिला आधीच गिऱ्हाईक नसतं, आता फुकटही कुणी नेत नाही.

मग येते फवारणी. दुकानातून डेल्टामेथ्रीनची बाटली आणली जाते आणि पंप मात्र तोच, ज्यानं परवा तणनाशक मारलं. दोघं मेंढा धरतात, तिसरा दांडा हलवतो. थोड्याच वेळात मालक नखशिखान्त भिजतो, मेंढ्याची पाठ तेवढी ओली होते. पोटाखाली, जिथं गिऱ्हाइकं बसलीत, तिथं थेंब नाही. दाट लोकरीतून औषध कातडीपर्यंत उतरतच नाही. म्हणून आधी कातरणी, जखमा भरायला दोन-तीन आठवडे, मग औषध.

फवारण्याऐवजी मेंढी औषधाच्या पाण्यात बुडवूनही काढतात. ब्रिटनमध्ये तर खरजेपायी मेंढ्यांना औषधाच्या हौदात बुडवून काढण्याची सक्ती 1992 पर्यंत होती. मेंढी मिनिटभर बुडते की नाही, हे बघायला काठावर पोलीस उभा राही. आपल्याकडं ते खातं कारभारणीकडं असतं. "गाभण हाय ती, सोडा तिला!" एवढ्यावर पंचनामा आटोपतो, आणि तो बरोबरच असतो.

एवढं करून धुतलेला कळप संध्याकाळी त्याच वाड्यात कोंडला जातो. खरी मेख इथं आहे. बऱ्याच जातींच्या गोचिडींना मेंढी ही नुसती खानावळ; बिऱ्हाड भिंतीच्या भेगांत. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली गळते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. पिल्लं गिऱ्हाईक म्हणून वर चढतात. मालक आठवडाभरानं दुकानदाराला शिव्या घालतो, औषध भेसळीचं होतं म्हणून.

तेव्हा मेंढ्यांबरोबर वाडाही धरा. भेगा लिंपा, लेंड्या लोटून काढा, कोंबड्या मोकळ्या सोडा. त्या गोचिडी आवडीनं टिपतात, मात्र फवारलेल्या दिवशी त्यांना आत जाऊ देऊ नका. मेंढ्यांना आधी पोटभर पाणी पाजा, नाहीतर तहानेनं औषधाचंच पाणी पितील. मात्रा जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, दुसरी फेरी कधी तेही त्यांनाच विचारा. आणि उरलेलं औषध ओढ्यात ओतू नका; त्यानं मासे मरतात.