वाळलेल्या कंडेन्सरास खुले पत्र

कंडेन्सरा,

जुन्या टीव्हीच्या किटवर, पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात, तापणाऱ्या रेझिस्टरला खेटून उभा असलेला ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा तू. उंचीने बोटाच्या पेराहून कमी, किमतीने दोन-पाच रुपयांचा. चांगली पिक्चर ट्यूब असलेले कितीतरी टीव्ही तुझ्यापायी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले, आणि दरवेळी आळ दुसऱ्यावर आला. म्हणून हे चारचौघांत सांगतो आहे.

तुझी खोड अशी. घरात टीव्ही रिमोटने बंद होतो, भिंतीवरचं बटण मात्र वर्षानुवर्षं चालूच असतं. समोर लाल दिवा, आत सप्लाय जागा आणि तू रात्रंदिवस उबेत. तुझ्या पोटातला द्रव खालच्या रबरी बुचातून कणाकणाने उडत राहतो. चालू सप्लाय रेटायला तुझं उरलंसुरलं बळ पुरतं, त्यामुळे पडद्यावर काहीच कळत नाही. मग एक दिवस लोडशेडिंग येतं. दोन-तीन तास सगळं गार होतं. वीज परत येते तेव्हा गार पडलेला सप्लाय नव्याने उठवायचं काम तुझं असतं, आणि नेमका तिथे तू हात वर करतोस. घरातले म्हणतात, लाइट आली तेव्हा व्होल्टेज जास्त आलं, टीव्ही उडाला. सगळे विजेच्या नावाने बोटं मोडतात. कित्येक महिने आधीच वाळून बसलेल्या तुझ्याकडे कोणी पाहतही नाही.

वाढीव व्होल्टेजने सेट जळतात, हे मला मान्य आहे. पण त्याच्या खुणा दिसतात: फ्यूज काळा पडतो, काहीतरी फुटलेलं असतं, जळका वास येतो. तुझ्या बाबतीत फ्यूज शाबूत असतो, मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर तीनशेच्या वर व्होल्ट नीट मिळतात आणि तरी सेट मुका. जाणता मेकॅनिक अशा वेळी सोल्डरिंगची गरम कांब तुझ्या पायांना थोडा वेळ लावतो आणि मग सेट चालू करून बघतो. ऊब मिळताच टीव्ही उठला, तर चोर सापडला. हे न करता ‘किट गेलं, आता नवीन घ्या’ म्हणणारा तुझा साथीदार आहे, असं मी मानतो.

एवढ्यावर थांबला असतास तरी मी तुला सोडलं असतं. पण तुझा एक भाऊबंद काही सप्लायांत व्होल्टेजवर नजर ठेवायच्या जागी बसतो. तो वाळला की सप्लायला वाटतं, व्होल्टेज कमी पडतंय, आणि तो ते वाढवतच नेतो. साधारण ११० व्होल्ट असायचे तिथे कितीतरी अधिक चढतात आणि आडव्या रेघा काढणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो. मेकॅनिक नवा घालतो, तोही जातो. मग ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ईएचटी ट्रान्सफॉर्मर बदलायची गोष्ट निघते, खर्च सेटच्या मोलाबाहेर जातो आणि ट्यूब ठणठणीत असताना टीव्ही दाराबाहेर जातो. नवा ट्रान्झिस्टर घालण्याआधी त्या ठिकाणी साठ-शंभर वॅटचा बल्ब लोड म्हणून जोडून व्होल्ट मोजायचे, ही आपल्याकडच्या दुकानांतली जुनी रीत. ज्या दुकानात ती पाळतात, तिथे तुझ्या भावाचं काही चालत नाही.

चित्राचा वरचा भाग दुमडतो आणि तिथे पांढऱ्या रेघा दाटतात, किंवा चित्र वरखाली आखडून काळ्या पट्ट्या दिसतात. अशा वेळी लोक ‘ट्यूब म्हातारी झाली’ म्हणतात. पुष्कळदा तेही तुमच्याच कुळाचं काम असतं, उभ्या स्कॅनच्या आयसीशेजारच्या १०० मायक्रोफॅरडवाल्याचं. ट्यूब म्हातारी होते तेव्हा चित्र फिकं आणि पुसट होतं, उजळायला वेळ घेतं, रंग विरतात. आकार बिघडत नाही. हा फरक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असता, तर तुझी इतकी वर्षं अशी निभली नसती. पडद्यावर एकच झगझगीत आडवी रेघ उरली, तर मात्र सेट ताबडतोब बंद करायचा. ती रेघ पडद्याचा फॉस्फर कायमचा जाळते. कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग पडला, तर आधी शेजारचा स्पीकर दूर करायचा. तो चुंबकाचा प्रताप, त्यात तुझा दोष नाही.

तू एकटाच दोषी आहेस, असंही मी म्हणणार नाही. दहा अंश उष्णता वाढली की तुझं आयुष्य जवळपास निम्मं होतं, हा तुझा स्वभाव जगजाहीर आहे. तरी तुला हीट सिंकला टेकवणारे होते, १०५ अंशांचा माल मिळत असताना ८५ अंशांचा बसवणारे होते. आणि आम्ही? शोकेसच्या खणात टीव्ही ठासून बसवला, मागे चार बोटं जागा ठेवली नाही, वर क्रोशाचं कव्हर, त्यावर फुलदाणी. वरच्या जाळीतून गरम हवा निघते, तीच आम्ही झाकली. धुळीच्या थराने आतली ऊब आतच कोंडली. कोकणात पावसाळ्यात त्याच धुळीला ओल धरते आणि ट्यूबवरच्या रबरी टोपीपाशी चरचर सुरू होते. कव्हर काढणं, मागे जागा सोडणं, रात्री भिंतीवरचं बटण बंद करणं, यात कोणाचा एक पैसाही जात नाही आणि तुझी कित्येक वर्षं वाढतात. माळ्यावर टाकलेल्या सेटमध्येही तू बिघडतोस, कारण वापराविना तुझा आतला ऑक्साइडचा थर क्षीण होतो. फार दिवस पडून असलेला सेट थेट प्लगला लावण्याआधी मेकॅनिकला दाखवावा.

मेकॅनिकलाच, कारण पाठ उघडून तुला उपटायचा मोह मी कोणाला होऊ देणार नाही. एकवीस इंची रंगीत ट्यूबवर सुमारे २५,००० व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही ते ट्यूबमध्ये साठून राहू शकतात. ट्यूबची मान काचेची, जराशा धक्क्याने तुटणारी. किटचा एक भाग थेट मेन्सला जोडलेला असतो. दोन रुपयांच्या तुझ्यासाठी कोणाच्या घरचं माणूस जाऊ नये.

तुला वाटत असेल, आता या डब्यांसाठी कोण एवढं भांडतं? गावाकडच्या घरात फ्री डिशच्या पेटीतून पिवळी, पांढरी, लाल वायर अजून या सेटच्या पुढ्यात येते आणि संध्याकाळच्या बातम्या लागतात. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट याच पडद्यावर नीट दिसतात. बंदुकीने पक्षी टिपायचा जुना व्हिडिओ गेम सपाट टीव्हीवर चालतच नाही, कारण ती बंदूक याच ट्यूबच्या पडद्यावरच्या प्रकाशाची वेळ धरून चालते. आणि भंगारात गेलेल्या प्रत्येक ट्यूबच्या काचेत शिसं असतं. ते फोडणाऱ्याच्या हाताला लागतं, मग मातीत जातं.

म्हणून दुरुस्तीला जाणाऱ्यांनी दुकानात एवढं ठामपणे मागावं: सप्लायमधले आणि उभ्या स्कॅनचे सगळे छोटे कंडेन्सर एकदम बदला, १०५ अंशांचे घाला, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, उलटे लावू नका, आणि काढलेले माझ्या हातात द्या. त्यात तू वरून न फुगलेला, चकचकीत, निर्दोष दिसणारा असलास, तरी तुला मीटरवर लावूनच सोडायचं.

तुझा वाळकेपणा ओळखून असलेला,
एक टीव्हीवाला